चप्पल उलटी करून पाहिलीत?

मैत्रिणींनो, उलटी चप्पल दिसली की घरात भांडण होतं म्हणून आपण ती चटकन सरळ करतो. आज मात्र घरातल्या सगळ्यांच्या चपला मुद्दाम उलट्या करून पाहा.

माझी धाकटी जाऊ लातूरला असते. दिवाळीत ती आमच्याकडे नांदेडला आली, ती जिना चढल्यासारखा उजवा गुडघा उंच उचलत. पाऊल फरशीवर फटकन आपटायचं. “अगं, नीट चाल की!” सासूबाई दोनदा म्हणाल्या. तिनं हसण्यावारी नेलं. मी तिच्या चपला उचलल्या. डावी ठीक होती. उजवीची पुढची बाजू आणि करंगळीकडची कड पार झिजलेली, टाच मात्र कोरी!

गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला, हाडाला लागूनच एक नस जाते. पाऊल वर उचलायचं काम तिच्यावर चालतं. ती दुखावली की चवडा लोंबतो. याला डॉक्टर ‘फूट ड्रॉप’ म्हणतात. एरवी आपली टाच आधी टेकते. इथे चवडा आधी पडतो, पाऊल आत वळतं आणि सगळा भार करंगळीकडच्या कडेवर येतो. तिथे घट्टा पडतो. तळवा बधिर असेल तर घट्ट्याखाली जखम झालेलीही कळत नाही. चैत्रातल्या उन्हात देवळाच्या फरशीवर भाजलेला फोडसुद्धा रात्री पाय धुतानाच दिसतो.

कारणं पुष्कळ. तासन्‌तास उकिडवं बसून केलेली खुरपणी, घट्ट बसलेलं प्लास्टर, मधुमेह, कंबरेची सरकलेली चकती. आणि कुष्ठरोग. डॉक्टरांनी नस चाचपली, ती जाड लागली. “पायावर कुठे फिकट चट्टा?” होता. पोटरीवर, दोन वर्षांपासून, साडीआड. लेकीची सोयरीक जमत होती, म्हणून भाऊजींनाही दाखवला नव्हता. मला तिचा राग नाही आला. तिच्या जागी मी तरी काय केलं असतं?

सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचं. ते सुरू झालं की दुसऱ्याला लागण होण्याचं भय लवकरच संपतं. पाऊल लुळं पडून सहा महिने उलटायच्या आत गेलं, तर ताकद परत यायची आशा बरीच असते. तोवर चवडा उचलून धरणारा पट्टा वापरायचा. शिवाय पाय लांब करून बसायचं, जुन्या पातळाची घडी चवड्यात अडकवून अंगाकडे ओढून धरायची, म्हणजे टाचेमागची शीर आखडत नाही. चप्पल मऊ रबराची, मागे पट्ट्याची, चिकटवलेली हवी. खिळे नकोत! रोज रात्री तळवा आरशात पाहायचा. घट्ट्याला ब्लेड लावू नका. पाण्यात भिजवून हलक्या हातानं घासा, तेल लावा. जखम दिसली तर त्या पायावर चालणं बंद, आणि दवाखाना गाठायचा.

भाऊजींना तिनं त्याच रात्री सांगितलं. लग्न ठरल्या दिवशी झालं.

परवा तिचा फोन आला. “जाऊबाई, रविवारी चपला उलट्या करून बघते, तर हे ओरडतात, आज भांडण होणार म्हणून.”