मुंबईस जाताना काय न्यावे?

आमच्या भागातून मुंबईस जाणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. गिरणीत, गोदीत, पोलिसांत, नाहीतर माथाडी म्हणून मुंबईस गेलेले माणूस ज्या घरात नाही, असे घर सातारा जिल्ह्यात शोधूनच काढावे लागेल. तरीही गेल्या मे महिन्यात कामासाठी मी पहिल्यांदा मुंबईस निघालो, तेव्हा आमच्या घरात जणू लढाईची तयारी चालली होती. त्या तयारीत काय होते आणि काय नव्हते, याचा विचार गेले काही महिने मी करीत आहे. तोच येथे मांडतो.

कॉलेज सुटल्यावर दुपारी मी तालुक्याच्या गावी वह्या-पुस्तकांच्या एका दुकानात काम करतो. जूनमध्ये शाळा सुरू होतात, त्याआधी मालक स्वतः मुंबईस जाऊन घाऊक माल आणतात. या वर्षी त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून त्यांनी मला पाठवायचे ठरविले. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरील दोन पेढ्यांची नावे, मालाची यादी आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक त्यांनी एका कागदावर लिहून दिला. "सगळं नीट कळलं ना?" असे त्यांनी विचारले. मी "हो" म्हणालो. माझ्या सर्व चुकांचे मूळ त्या एका "हो"मध्ये होते.

घरी सूचनांचा पाऊस सुरू झाला. पैसे आतल्या खिशात ठेव. गाडीत कुणी काही खायला दिले तर घेऊ नकोस. आईने पायजम्याला आतून चोरखिसा शिवला. आजीने भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि पिठले असे दोन दिवस पुरेल एवढे बांधून दिले. मित्रांनी बूट दिले आणि सांगितले, "गावाकडचा वाटू नकोस, नाहीतर फसवतील." या सर्वांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण या सगळ्या तयारीचा रोख एकच होता, मुंबई आपल्याकडून काय हिसकावून घेईल. तिथे जाऊन काम कसे करावे, याविषयी कोणी एक शब्द बोलले नाही. बोलणार तरी कोण? वडील पुण्याच्या पुढे गेलेले नाहीत. शिवाय सगळ्यांची खात्री होती, "तो शिकलेला आहे, त्याला सांगायला नको."

वेगळे बोलले ते फक्त तात्या, माझे चुलत आजोबा. ते चौथी शिकलेले. १९७१ मध्ये ते लालबागला गेले आणि ११ वर्षे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप कधी औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही. तात्या मात्र त्याच वर्षी ट्रंक घेऊन गावी परतले.

मी त्यांना विचारले, "तात्या, तुम्ही पहिल्यांदा गेला तेव्हा काय नेलं होतं?"

ते म्हणाले, "काय न्यायचं? एक वळकटी आन् एक चिठ्ठी. चिठ्ठीवर गावच्या खोलीचा पत्ता. बोरीबंदरला उतरलो, दिसंल त्याला चिठ्ठी दाखवली. धा जणांना इचारलं तवा खोली घावली."

गावची खोली म्हणजे काय, हे आमच्या पिढीतील अनेकांना ठाऊक नाही. एका गावच्या माणसांनी मिळून चाळीत भाड्याने घेतलेली ती एक खोली. पाळीप्रमाणे माणसे झोपत. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागी आडवा होई. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. अशाच खाणावळी चालविणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. नव्या पोराला गिरणीत चिकटवायचे कसे, मुकादमाशी बोलायचे कसे, मनीऑर्डर कुठून करायची, हे सारे त्या खोलीत शिकायला मिळे. म्हणजे तात्यांची तयारी त्यांनी एकट्याने केली नव्हती, ती सबंध गावाने करून ठेवली होती. आणि त्यांना स्वतःला जे करावे लागले ते एवढेच, की विचारायचे. अडाणी माणसाने विचारावे, यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

आता माझी हकीकत ऐका. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री कऱ्हाडहून निघालो आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. तात्यांचे बोरीबंदर, मालकांचे व्हीटी आणि माझ्या तिकिटावरचे सीएसएमटी ही एकच जागा, हेही मी गाडीत दुसऱ्या एका प्रवाशाचे बोलणे चोरून ऐकून शिकलो. विचारले मात्र नाही. बाजारात पोचलो तर सगळीकडे दारे बंद. पेढ्या उघडायला अजून तीन तास होते. मालकांना एक प्रश्न विचारला असता तर मी उशिराच्या गाडीने आलो असतो, किंवा निदान ते तीन तास कुठे काढावेत हे ठरवून आलो असतो. मी ते फुटपाथवर पिशवी पोटाशी धरून काढले. चोरखिसा शाबूत होता, पण त्याचा त्या घडीला काही उपयोग नव्हता.

पेढी उघडली. यादी वाचून दाखवायला लागलो. वह्या झाल्या, कंपासपेट्या झाल्या. पुढची ओळ होती, "रिफिली १० ग्रो." हे "ग्रो." काय असावे, असा प्रश्न मला दुकानातच पडला होता. पण मालकांना विचारले तर ते म्हणतील, "बी.ए. करतोस आणि एवढं माहीत नाही?" म्हणून मी डझनासारखेच काहीतरी असेल असे मनाशी ठरवून टाकले होते. शेठनी मान वर करून विचारले, "ग्रोस या डझन?" मागे चार गिऱ्हाइके उभी होती. मी घाईने म्हणालो, "डझन, डझन."

ग्रोस म्हणजे १२ डझन, म्हणजे १४४ नग. मालकांना १,४४० रिफिली हव्या होत्या. मी आणल्या १२०. शाळा उघडल्या आणि चौथ्या दिवशी रिफिली संपल्या. खेड्यांतले छोटे दुकानदार रिकाम्या हाताने परत गेले. मालकांनी कऱ्हाडहून जास्त भावाने माल आणला. नुकसान त्यांनी सोसले, माझ्या पगारातून एक रुपयाही कापला नाही. एवढेच म्हणाले, "विचारलं असतंस तर अर्धं मिनिट लागलं असतं रे." मला कापलेला पगार परवडला असता.

कोणी म्हणेल, हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, त्यात पाहायचे होते. खरे आहे. मोबाइलने मला स्टेशनपासून पेढीच्या दारापर्यंत बिनचूक नेले, आणि ग्रोसचा अर्थही त्याने क्षणात सांगितला असता. पण त्याला विचारावे लागतेच, आणि "मला हे ठाऊक नाही" हे आधी स्वतःशी कबूल करावे लागते. मी तेही केले नव्हते. शिवाय मालकांच्या हस्ताक्षरातला "ग्रो." म्हणजे काय, हे सांगणारा खात्रीचा माणूस एकच होता, आणि तो माझ्यापासून दोन हातांवर बसला होता.

मित्रांनो, आपल्यापैकी पुष्कळ जण घरातले पहिले कॉलेजकुमार आहेत. घरी कोणताही कागद आला की तो आपल्यापुढे येतो. बँकेचा, तलाठ्याचा, वीजबिलाचा. आपल्याला कळले नाही तरी आपण मान डोलावतो, कारण आपल्याला कळत नाही असे म्हटले तर आईवडिलांनी आपल्या शिक्षणावर केलेला खर्च फुकट गेला असे त्यांना वाटेल, अशी भीती असते. हळूहळू मान डोलावणे अंगवळणी पडते. वर्गात सर "समजले?" असे विचारतात आणि ६० माना एकदम हलतात. ही सवय घेऊन आपण शहरात जातो. माझ्या मते चोराहून मोठा धोका तो आहे. चोर फार तर खिशातले नेतो. न विचारण्याची सवय आपले काम नेते, आणि ज्याने विश्वासाने पाठविले त्याचेही नुकसान करते.

तात्यांच्या माहितीवर आज विसंबून चालणार नाही, हेही खरे. त्यांचे एल्फिन्स्टन रोड २०१८ पासून प्रभादेवी झाले. दादरला पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही बाजूंना एक नंबरचा फलाट असे, त्यात नवखा माणूस हमखास गोंधळे. डिसेंबर २०२३ पासून तिथे सलग क्रमांक आहेत, पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ पासून पुढे. लोकलच्या पाटीवर कसाऱ्याच्या गाडीला "एन" आणि कर्जतच्या गाडीला "एस" ही इंग्रजी अक्षरे असतात. या गावांच्या नावांत ती अक्षरे शोधून सापडत नाहीत. असले ज्ञान तर्काने मिळत नाही, कोणाला तरी विचारूनच मिळते. शहर बदलत राहते, माहिती शिळी होते. विचारण्याची सवय मात्र तात्यांच्या काळी जेवढी कामाची होती तेवढीच आजही आहे. "बोलणाऱ्याची बोरेही विकली जातात" असे आपल्या बायाबापड्या म्हणतात, ते काही उगीच नाही.

मग मुंबईस जाताना काय न्यावे? मी आता पुन्हा गेलो तर भाकरी नेईनच, कारण ती चांगली असते. पण त्याआधी मालकांसमोर यादी घेऊन बसेन आणि एकेक ओळ वाचून विचारेन, हे किती नग, कोणत्या बनावटीचे, ते नसेल तर दुसरे काय घ्यावे? पेढी किती वाजता उघडते आणि कोणत्या वारी बंद असते? बिल कोणाच्या नावे करायचे? जीएसटी क्रमांकात १५ अक्षरे-आकडे असतात आणि आपल्या राज्याचा क्रमांक २७ ने सुरू होतो, हे मला शेठनी शिकविले, तेही मी एक आकडा गाळून वाचला तेव्हा. माल ट्रान्सपोर्टने पाठवायचा तर हमाली कोण देणार? काही अडले तर निर्णय मी घ्यायचा की फोन करायचा? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तो आधी विचारून ठेवलेला असला की गिऱ्हाइकांच्या गर्दीतही माणूस न लाजता म्हणू शकतो, "एक मिनिट शेठ, विचारून सांगतो."

मुलींचा प्रश्न याहून बिकट आहे. माझ्या वर्गातील एक मैत्रीण परीक्षेसाठी मुंबईस जाणार होती. रात्री कुठे उतरावे, स्टेशनवरून पहाटे एकटीने निघावे का, स्वच्छतागृह कुठे मिळेल, हे कोणाला विचारावे हेच तिला कळेना. घरी विचारले असते तर जाणेच रद्द झाले असते. म्हणून तिने विचारले नाही, आणि शेवटी ती गेलीही नाही. आमचे न विचारणे १,३२० रिफिलींवर भागले. तिचे एक वर्ष गेले. याच कॉलेजातून गेल्या तीन-चार वर्षांत मुंबईस जाऊन आलेल्या मुली खात्रीने असतील. पण त्यांची माहिती त्यांच्याबरोबरच गेली.

म्हणून प्राध्यापक वर्गाला माझी एक नम्र सूचना आहे. गावची खोली आता परत येणार नाही. परंतु कॉलेजच्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवता येईल. कामासाठी, परीक्षेसाठी, मुलाखतीसाठी जो कोणी मुंबईस किंवा पुण्यास जाऊन येईल, त्याने तारीख घालून त्यात एक पान लिहावे. कुठे उतरलो, काय चुकले, कोणाला काय विचारायला हवे होते. चुका अवश्य लिहाव्यात. पहिले पान लिहावयास मी तयार आहे, रिफिलींसह.

यावर काही मित्र म्हणतात, कॉलेज ही बाजारहाट शिकविण्याची जागा नव्हे. ज्या कऱ्हाड तालुक्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेथून हाकेच्या अंतरावर बसून आपण असे म्हणावे, याचे मला नवल वाटते. कमवीत शिकणे हे या मातीला नवे नाही. पण कमविताना जे शिकतो ते वर्गात सांगण्याची आपल्याला लाज वाटते. गिरणी संपावर आपण टिपण पाठ करतो, आणि तो संप अंगावर झेललेले तात्या ओट्यावर बसून असतात, त्यांना कोणी काही विचारीत नाही. मीही मुंबईस निघेपर्यंत विचारले नव्हते.

पुढच्या मे महिन्यात मालक मलाच पाठविणार आहेत. यादी त्यांनी अजून केलेली नाही. पण ती करताना मी शेजारी बसावे, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे. ते हसले आणि म्हणाले, "आता कुठं तू मुंबईला जायला तयार झालास."