मालाची कोंडी रस्ते रुंद करून सुटणार नाही

महामार्गावर ट्रकांची रांग लागली की एकच उपाय पुढे येतो: रस्ता रुंद करा. चौपदरीचा सहापदरी, सहापदरीचा आठपदरी. देशातला बहुतेक माल रस्त्यानेच जातो, मग पैसाही रस्त्यावरच घाला, असा हा पूर्वपक्ष. ट्रक थेट दाराशी येतो, पाच टनांसाठीही येतो, हा त्याचा सर्वांत भक्कम आधार, आणि तो खोटा नाही.

पण अलीकडे ट्रकचा वेळ खरोखर वाचला तो कशामुळे? 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला, राज्यांच्या सीमांवरचे करनाके उठले, मुंबईची जकातही गेली. मुलुंड-दहिसरच्या नाक्यांवर कागदपत्रे घेऊन ताटकळणारे ट्रक चालू लागले. त्यासाठी रस्ता हातभरही वाढवावा लागला नव्हता. फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोलनाक्यांवरचा खोळंबाही घटला. वेळ खात होते ते थांबे.

‘व्यापाऱ्यांनीच ट्रक निवडला’ हा युक्तिवाद तर अर्धाच खरा आहे. 1950-51 मध्ये देशातली 80 टक्क्यांहून अधिक मालवाहतूक रेल्वेकडे होती. आज तिचा वाटा एक तृतीयांशाच्याही खाली आहे. प्रवासी भाडे कमी ठेवायचे आणि तूट मालभाड्यातून भरून काढायची, हे धोरण वर्षानुवर्षे चालले. महाग दर, वर पोहोचण्याची खात्री नाही. व्यापारी दुसरे काय करणार? मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई यांना जोडणारे मार्ग रेल्वेच्या जाळ्याचा जेमतेम सहावा हिस्सा, पण निम्म्याहून अधिक माल त्यांच्यावरूनच जातो. त्याच रुळांवर एक्स्प्रेस धावतात, त्यामुळे मालगाडी लूप लाइनवर उभी राहते आणि तिचा सरासरी वेग ताशी 25 किलोमीटरच्या आसपास रेंगाळतो. 2022 च्या उन्हाळ्यात वीजकेंद्रांना कोळसा पोहोचवण्यासाठी प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. एकाच रुळावर दोघांना कोंबल्याची किंमत तेव्हा प्रवाशांनीही मोजली.

म्हणून मालाला स्वतःचा रूळ हवा. लुधियाना ते सोननगर हा 1,337 किलोमीटरचा आणि दादरी ते जेएनपीटी बंदर हा 1,506 किलोमीटरचा समर्पित मालवाहतूक मार्ग याच विचारातून आखले गेले. पश्चिमेकडच्या मार्गावर कंटेनरवर कंटेनर रचून गाडी धावते. जानेवारी 2021 मध्ये रेवाडी-मदार टप्प्यावर अशी दीड किलोमीटर लांबीची गाडी सोडण्यात आली.

राहिला पाच टनवाल्याचा प्रश्न. त्याचे उत्तर महाराष्ट्राजवळच आहे. 7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली. तिच्यात किमान मालाची अट नव्हती, अनेक शेतकऱ्यांचा माल एकाच गाडीत जाई आणि फळे-भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सवलत होती. शंभरावी गाडी सांगोल्याहून निघाली. म्हणजे छोटा माल रेल्वेला नको असतो असे नाही, तो गोळा करणारी व्यवस्था हवी असते. आणि ट्रकला शत्रू मानण्याचेही कारण नाही: कोकण रेल्वेने 1999 पासून कोलाड-वेर्णा मार्गावर भरलेले ट्रकच वाघिणींवर चढवून नेले.

दुर्दैव असे, की पश्चिमेच्या मार्गात सर्वाधिक रखडला तो वैतरणा ते जेएनपीटी हाच टप्पा, जिथे देशातल्या सर्वांत गजबजलेल्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. आणखी पदरांचे नकाशे काढण्याआधी सरकारने बंदरालगतची रेल्वे टर्मिनले, गोदामे आणि तिथवरचे जोडरूळ यांच्यासाठी पैसा बाजूला काढावा, आणि मालभाड्यावरचा प्रवाशांचा भार अर्थसंकल्पात उघडपणे दाखवावा.