आरोपीचा अविश्वास

सुशिक्षित घरांतून एक वाक्य फार ऐकू येते. कोणावर मोठा खटला झाला, आणि त्याच्या घरची माणसे ‘आम्हांस न्याय मिळेलसे वाटत नाही’ असे म्हणाली, की आपली मंडळी वर्तमानपत्रातून डोके वर काढून विचारतात, ‘निर्दोष असेल तर भितो कशाला? न्यायालय आहे की!’ असे विचारणाऱ्यांच्या सद्हेतूविषयी आम्हांस शंका नाही. त्यांच्या स्मरणशक्तीविषयी मात्र आहे. आणि चांद्याच्या मुलखातील माणसाला तर हे विस्मरण मुळीच शोभत नाही.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर येथे पोलिसांनी लोकांवर गोळीबार केला आणि खवळलेल्या जमावाने अधिकारी व शिपाई मिळून चार सरकारी नोकरांस ठार मारले. कृत्य भयंकर होते. त्याची दाद लागावयासच हवी होती. ती लागली. खास न्यायालय बसले, चिमूर आणि आष्टीच्या आरोपींवर फाशीच्या शिक्षांची रास पडली, आणि त्या कमी होत होत १९४५ च्या ऑगस्टपर्यंत काहींच्या मानेवरचा दोर हलला नाही. अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले, लोकमत उठले, तेव्हा कोठे तो सुटला.

परंतु त्याच गावात तीन दिवसांनी लष्कर शिरले, आणि त्याने घरे लुटली व स्त्रियांवर अत्याचार केले, अशी तक्रार होती. काँग्रेसशी ज्यांचे तेव्हा सूत नव्हते ते डॉ. मुंजे स्वतः गावात जाऊन आले आणि तेही हेच सांगू लागले. सरकारला चौकशीची गरज भासली नाही! प्रा. भणसाळी दिल्लीस गेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसलेल्या बापूजी अण्यांस, म्हणजे आमच्याच यवतमाळच्या लोकनायकांस, त्यांनी चौकशी मागितली. नकार मिळाला, तेव्हा त्यांनी उपवास आरंभिला. तो ६३ दिवस चालला. एकाच घटनेच्या एका बाजूस फाशीचा खांब आणि दुसऱ्या बाजूस साधा चौकशीचा कागदही नाही, हे ज्या गावाने पाहिले त्याने न्यायासनावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असे सांगण्याचा अधिकार कोणास आहे?

‘तो इंग्रजांचा अंमल होता,’ असे यावर कोणी म्हणेल. ठीक आहे, तर गडचिरोलीस जाऊ. तो भाग १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा होता. मार्च २०१७ मध्ये तेथील सत्र न्यायालयाने प्रा. साईबाबा यांना चार सहआरोपींसह जन्मठेप आणि सहाव्यास दहा वर्षे दिली. साईबाबा चाकांच्या खुर्चीवाचून हलू न शकणारे गृहस्थ. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने खटल्यास कायदेशीर मंजुरीच नव्हती म्हणून सर्वांस मोकळे केले. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक घेऊन त्या निकालास स्थगिती दिली.

‘दुसऱ्याच दिवशी’ हे शब्द आम्हांस ओळखीचे वाटले. १९४२ च्या ज्या वटहुकुमाने खास फौजदारी न्यायालये निघाली, तो फेडरल कोर्टाने ४ जून १९४३ रोजी अवैध ठरविला. ५ जूनला सरकारने नवा वटहुकूम काढून झालेल्या शिक्षा कायम केल्या. एक काम सरकारचे आणि दुसरे न्यायालयाचे, हा भेद आम्ही जाणतो. पण तुरुंगाच्या गजाआडून पाहणाऱ्यास तो कितीसा दिसत असेल?

नागपूरच्याच खंडपीठाने ५ मार्च २०२४ रोजी पुन्हा सर्वांस निर्दोष सोडले, हेही सांगितले पाहिजे. सरकार अपिलात गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने या वेळी स्थगिती नाकारली. तेव्हा न्यायालये निकामी आहेत, असा आमचा कांगावा नाही. चुकीची दुरुस्ती तेथेच झाली. मात्र २०१४ साली धरलेल्या माणसाची ती दुरुस्ती २०२४ साली होते, आणि सात महिन्यांत तो मरण पावतो, तर ‘न्यायालय आहे की’ या वाक्यातला दिलासा किती पातळ, हे बोलणाऱ्याने एकदा मनाशी मोजून पाहावे.

आमचा खरा राग मात्र वृत्तपत्रांवर आहे. भणसाळींच्या उपवासाची बातमी छापण्यास इंग्रज सरकारने मनाई केली, तेव्हा ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरच्या कित्येक पत्रांनी आपले अंकच बंद ठेवले. त्यांच्या तोंडाला कुलूप होते, तरी ती गप्प राहून बोलली. आज कुलूप नाही. आज पोलिसांचे निवेदन जसेच्या तसे पहिल्या पानावर उतरते. ‘कथित’ हा एवढासा शब्दही मथळ्यात मावत नाही, आणि दहा वर्षांनी सुटकेची बातमी आतल्या पानावर जाहिरातींच्या खाली चार ओळींत सापडते. अटकेची बातमी ज्या पानावर व ज्या टायपात दिली, त्याच पानावर, त्याच टायपात सुटकेची द्यावी, एवढे एक बंधन संपादकांनी स्वतःवर घालून घेतले तर कोणता कायदा आड येतो? आणि आम्ही वाचकांनी ते मागितले तर?

गडचिरोलीच्या त्या सहा जणांत जंगलातला एक आदिवासी तरुणही होता. ऑगस्ट २०२२ मध्ये तो कैदेत असतानाच आजाराने वारला. नागपूरचा पहिला निकाल लागला तेव्हा त्याला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते.