उंची वाढते, पण कुणाची?


‘घाटरस्त्याला पिकअप उचलूनच घ्या’ हे पत्र वाचले. लिफ्ट किटने वर जाते ती चासी आणि बॉडी. मागच्या अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. दगड आपटतो तो नेमका त्यालाच! त्याला वर नेतो फक्त मोठा टायर, तोही निम्माच. मी २५५/६० आर १८ काढून २६५/६५ आर १८ बसवले. व्यास ३८ मिमी वाढला, गोळा उचलला गेला १९ मिमी. आता मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ने पळत असते. स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर आतल्या लायनरला खर्र घासतो. शिवाय मूळ बांधणीतल्या फेरफाराला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, ते वेगळेच. पत्रलेखकाने आधी गाडीखाली वाकून बघावे, मग किटचे पैसे मोजावेत.
– एक पिकअपमालक, जुन्नर