बैठकीचा पडदा आणि दुपारची झोप

शाबान निम्मा सरला की आमच्या बीडच्या मोहल्ल्यात ओल्या चुन्याचा आणि फिनेलचा वास सुटतो. शोकेसमधले कप, जे वर्षभर कुणी ओठाला लावत नाही, ते खाली उतरतात. पडदे, सोफ्याचे कव्हर, लोड-तक्क्यांचे अभ्रे अंगणात ढीग होऊन पडतात. भिंतीवरचा तुगरा काढला की मागे त्याच्याच आकाराचा पांढरा चौकोन दिसतो. रमजान लागेपर्यंत निम्मं काम होतं, उरलेलं रोजे धरून. हे सगळं कोण करतं, ते सांगायला नको.

2019 चा रमजान 7 मे रोजी लागला होता. दुष्काळाचं साल. जिल्हाभर चारा छावण्या, गावोगाव टँकर, आणि पारा चाळिशीच्या वर. आमच्या गल्लीतलं नळाचं पाणी दहा-बारा दिवसांनी यायचं. बॅरलमधलं पाणी तांब्याने मोजून वापरायची अम्मी ईदच्या आठवडाभर आधी बैठकीतला पंखा पुसायला स्टुलावर चढली. रोजा होता. चक्कर आली आणि पडली. मनगट मोडलं. मी तेव्हा आतल्या खोलीत कूलरसमोर झोपलो होतो. मलाही रोजा होता, पण झोपायची मुभा होती. सकाळी तिला एवढंच म्हणालो होतो, पंख्याचं राहू दे. त्यावर तिचं उत्तर, "तू सो, मैं कर लेती." आणि मी झोपलो.

हा लेख अम्मीच्या मनगटाबद्दल नाही, त्या झोपेबद्दल आहे.

या विषयावर बोललं की आपली माणसं लगेच हदीस सांगतात, स्वच्छता हे निम्मं ईमान. बरोबर आहे. पण हे ईमान फक्त बायकांच्या वाट्याला आलंय असं कुठे म्हटलंय? पैगंबर घरात काय करायचे, असं कुणीतरी हजरत आयेशांना विचारलं होतं. घरच्यांच्या कामात असायचे आणि नमाजची वेळ झाली की निघायचे, असं त्यांनी सांगितलं. स्वतःची चप्पल सांधायचे, कपडे शिवायचे, हेही नोंदलेलं आहे. दाढी किती बोटं असावी यावर तास-तासभर वाद घालणाऱ्या आपल्या मंडळींना ही सुन्नत बरोबर विसरायला होते. मिस्वाक खिशात आणि फडकं बायकोच्या हातात!

दुसरी गोष्ट पडद्यांची. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. पैगंबर सफरीहून परतले तेव्हा आयेशांनी दारावर एक शोभेचं कापड लावलेलं होतं. त्यांनी ते ओढून काढलं आणि म्हणाले, दगड-मातीला कपडे घालायचा हुकूम अल्लाहने आपल्याला दिलेला नाही. आयेशांनी त्याच कापडाच्या दोन उशा केल्या, त्याला त्यांनी हरकत घेतली नाही. मी काही पडदा हराम आहे असा फतवा काढत नाहीये. मला स्वतःला बैठकीत हिरवा पडदा आवडतो. पण ईदसाठी नवे पडदे हवेत म्हणून बचत गटाचं कर्ज उचलणारी घरं माझ्या माहितीत आहेत. हप्ता बकरीद ओलांडून मोहरमपर्यंत चालतो. हे दीन नव्हे, शेजाऱ्याच्या नजरेची भीती आहे.

आणि सगळ्यात मोठं नुकसान कुणी मोजतच नाही. रमजानचा शेवटचा अशरा, ज्याच्या विषम रात्रींत शबे-कद्र शोधायची, तो इबादतीचा काळ. पुरुष एतेकाफला बसतात. तेव्हा घरातली बाई पितळेची भांडी चिंचेने घासत असते, चांदरातीला मध्यरात्रीपर्यंत कव्हर चढवत असते आणि पहाटे शीरखुर्म्यासाठी चारोळ्या सोलत असते. तिच्या रात्री कुठे गेल्या? बैठकीच्या भिंतीत.

"बायकांनाच हौस असते," हे उत्तर मला ठाऊक आहे. हौस असते, खरंच असते. वर्षात एकदा घर आपल्या मनासारखं लावायला मिळतं, तर का नसावी? पण जिला हौस आहे तिला ईदच्या दिवशी त्या खोलीत बसायला मिळतं का, ते बघा. ईदगाहवरून आपण परततो, गळाभेटी होतात, पाहुणे येतात, सोफ्यावर पुरुष. ती पडद्याच्या आतून ट्रे पुढे करते. जी खोली तिने महिनाभर घासली, तिथे ती पाच मिनिटंही टेकत नाही.

गॅरेजमध्ये, फळांच्या गाड्यावर दिवसभर उन्हात उभा राहणारा माणूस दमतो, हेही मान्य. त्याच्यावर माझा रोख नाही. रोख आहे तो जोहरनंतर असरपर्यंत मोबाइल घेऊन पडणाऱ्या आपल्या पोरांवर, आणि माझ्यासारख्या पगारदारांवर.

आपल्या हिंदू शेजाऱ्यांनी इथे खूश होऊ नये. घट बसायच्या आधी गोधड्यांचे डोंगर कोण धुतं, तेही गल्लीतल्या नळावर दिसतं. 2025 साली पाडवा 30 मार्चला आणि ईद 31 ला आली. त्या आठवड्यात एकाच टँकरपुढे शेजारच्या काकू आणि आमची भाभी, दोघी घागरी घेऊन उभ्या होत्या. त्या ओळीत पुरुष म्हणावा तर टँकरचा ड्रायव्हर.

हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, तेव्हा येत्या काही वर्षांत ही सफाई थंडीत जाईल. पाण्याची ओढही तेव्हा कमी असेल. मग पुन्हा 33 वर्षांचा फेरा पुरा होत मे महिना येईलच, तेव्हा स्टुलावर कोण असेल हे आत्ताच ठरवावं लागेल. आमच्या घरात ठरलंय. पंखे, जळमटं, पडदे उतरवणं-चढवणं आणि पाणी भरणं माझं आणि भावाचं. जड काम रमजान लागायच्या आत संपवायचं, शेवटच्या अशऱ्यात फक्त झाडू. नवा पडदा नाही. आणि ईदच्या दुपारी दोन तास बैठक बायकांची. आलेल्या पुरुष पाहुण्यांना अंगणात खुर्च्या. गेल्या ईदला एक चुलते त्यावरून रुसले, शीरखुर्मा न घेता गेले. अम्मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, खालाशी बोलत. चुलते गेल्याचं तिला संध्याकाळी कळलं.