नवरीच्या चेहऱ्यावर ‘फॉर्म्युला क्रीम’ कशाला?

काशीगावात नुकत्याच ब्रायडल मेकअपच्या ऑर्डर घ्यायला लागलेल्या मैत्रिणींनो, पिंपल्स किंवा वांग असलेली नवरी आली की लग्नाआधी महिनाभर तिला लेबल नसलेली डबी देणं आधी बंद करा. त्या क्रीमने चेहरा आठवड्यात उजळतो. उजळणारच! आत अनेकदा स्टिरॉइड किंवा पारा असतो. स्टिरॉइड थांबवलं की लाली, आग आणि पुळ्या उसळून येतात, तेही कदाचित हळदीच्याच दिवशी. पारा तर कातडीतून रक्तात जाऊन किडनी बिघडवतो. अकोल्यात आई आणि तिच्या दोन मुलींना किडनीचा आजार झाला. स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेल्या क्रीममध्ये पारा सापडल्याचं २०२३ मध्ये उघड झालं.

‘नाही दिलं तर गिऱ्हाईक जाईल’, असं क्लासमध्ये शिकवतात म्हणे. जाऊ द्या. पिंपल्सच्या उपचाराला दोन-तीन महिने लागतात, म्हणून बुकिंगच्याच दिवशी तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. करेक्टरने डाग झाकतो, उंचवटा झाकत नाही, हे ट्रायललाच स्पष्ट सांगा. आणि ती आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असेल तर चेहऱ्याचं वॅक्सिंग अजिबात करू नका, सालटं निघतात.