पुट्टी नको, पत्रा ठोका

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीभोवती शेती अजून आहे, आणि जुने ट्रॅक्टरही. महिंद्राने 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि बी-275 आपल्या शिवारात आला. अशा जुन्या ट्रॅक्टरची इंजिने दुरुस्त होतात. हाल होतात ते बॉनेटचे. त्यावर पोती टाकली जातात, पोरे बसतात, पावसाळाभर ते उघड्यावर भिजते.

मग डेंटिंगवाला पोचा पुट्टीने बुजवून वर चकचकीत लाल रंग मारतो. काम स्वस्त, फोटोत देखणे. पण खाली गंज जिवंत राहतो आणि डिझेल इंजिनाच्या थरथरीने पुट्टीला तडे जातात.

खरी दुरुस्ती वेळखाऊ असते. आधी रंग आणि गंज खरवडायचा, सडलेला भाग कापायचा, त्याच जाडीचा तुकडा बसवायचा. वेल्डिंगचे टाके दूर-दूर, थांबत-थांबत; घाई केली की पत्रा उष्णतेने वाकलाच! मागे लोखंडी ठोकळा धरून पोचा काढायचा, प्रायमर लावायचा. पुट्टी लागलीच तर अगदी पातळ.

नवे बॉनेट मिळत असेल तर रोजच्या कामाच्या ट्रॅक्टरला ते खुशाल बसवावे. जपायचा असेल, तर मूळ पत्रा भंगारात घालू नये. आयटीआयमध्ये शीट मेटलचे काम शिकवतात. त्या पोरांच्या हाती असे एखादे बॉनेट जरूर द्यावे.